एका नाण्याएवढी फट

स्ट्रॉमनेसच्या त्या बोळात घरं समुद्राकडे
खांदा करून उभी असतात, तोंड करून नाही.
फक्त थोरा क्लाउस्टन यांच्या वरच्या खोलीची एक खिडकी
सरळ पाण्यात बघते.
मुलीनं ॲबर्डीनहून कळवलं होतं :
आई अठ्ठ्याऐंशीची आहे, खिडकी रात्रभर वाजते,
बदलू नका, पण गप्प करा.

गप्प करणं हाच माझा धंदा.

आधी सुरी. रंगाचे थर कापत गेले :
पांढरा, पांढरा, मध्येच एक हिरवा
(बोटीला लावून उरलेला डबा असणार),
पुन्हा पांढरा, आणि तळाशी शिशाचा तो जुना,
जो ओला करूनच खरवडायचा, तोंडाला फडकं बांधून.
कडेची पट्टी सुटली,
खालची झडप चौकटीतून मांडीवर आली.

चौकटीच्या पोटात, कुणाला न दिसता,
ओतीव लोखंडाची दोन वजनं लोंबतात.
ती खाली जातात म्हणून झडप वर येते.
डावीकडची दोरी तुटलेली; वजन तळाशी
भुशात, मेलेल्या माश्यांत पडून होतं,
आणि उजवीकडचं एकटंच इतकी वर्षं
दोघांचं ओढत होतं.
थोरांना दाखवलं. त्या म्हणाल्या, "हं."

तळपट्टी कुजली होती, पेन्सिल आत जाईल इतकी.
कुजकं तेवढंच काढलं. जुन्या लाकडाला नवं भेटवायचं
ते तिरक्या सांध्यावर;
सरळ कापलंत तर पाणी तिथंच मुक्काम ठोकतं.
मग जवसाच्या तेलातली लांबी मळली.
हेडल मिस्त्री म्हणायचे,
हाताला चिकटायची थांबली की समज,
आता काचेला चिकटेल.
काच जुनीच ठेवली. तिच्यातून
पलीकडचं बेट, माझंच, जरा वाकतं;
मान हलवली की सरळ होतं.

कप्पीला मेण, नव्या दोऱ्या, शेवटी पट्टी
इतकी नेमकी ठोकली की पोस्टकार्डही सरकू नये.
एका बोटानं वर, एका बोटानं खाली.
चहा झाला. बिल दिलं. वाऱ्याला रजा दिली.

तिसऱ्या सकाळी फोन.
"झोप लागत नाही."
"अजून वाजतेय?"
"नाही ना."

पुन्हा गेले. त्या पलंगावर बसलेल्या, अंगात कोट.
बाजारभाव सांगावा तसं सांगू लागल्या :
आग्नेयेचा असला की खालची कड घुमते,
दक्षिणेचा वर, दात वाजल्यासारखा,
नैऋत्येकडून वळून आला की दोन्ही,
मध्ये एक श्वास सोडून.
एडविन खेकड्यांचे पिंजरे टाकायला जायचा.
पहाटे चारला, डोळे न उघडता, मी सांगायचे :
जा. नाहीतर : झोप.
त्रेचाळीस वर्षांत दोनदा चुकले. दोन्ही वेळा
तो घरी बसला, आणि समुद्र तळ्यासारखा.

मी काही बोलले नाही.
त्याच म्हणाल्या, "आता जायचं कुणालाच नाही.
पण सांगावं तर लागतंच."

खिळे काढले. फट किती ठेवायची?
त्यांनी बटणांच्या बरणीतून एक जुनी पेनी दिली,
मोठी, राजाच्या डोक्याची.
झडप आणि पट्टी यांच्यामध्ये ती उभी धरली,
पट्टी ठोकली, पेनी ओढून घेतली.
मग दोघी बसलो.
आपल्याच कामातली खोट ऐकू यावी म्हणून
कान लावून बसण्याची ही माझी पहिली वेळ.
बराच वेळ नुसतं घड्याळ.
मग वर, एकदा. श्वास. मग खाली.

थोरांनी डोळे मिटले.
"जा," त्या म्हणाल्या, "आत्ताच."

हत्यारं तशीच पोत्यात कोंबली
आणि दोनची बोट धरली.
चारची सुटली नाही.